अकरावी निगेटिव्ह

प्रदर्शन लावणारी मुलगी विचारते,
या फोटोत शिल्प कुठंय?
मी म्हणते, बरणीखाली बघ.

कुताइसी. त्र्याण्णवचा जानेवारी.
वीज रात्री दोनला यायची, तिनाला जायची,
रिओनी तेवढी चोवीस तास चालू.
मी चित्रकारांच्या, मूर्तिकारांच्या घरी फोटो काढत हिंडायची,
कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं.
फिल्म मुदत संपलेली,
दोन अंड्यांना एक रोल, अशी मिळवलेली.

कॅमेरा दिसला की माणसं कलावंत व्हायची.
नाटकाचे पडदे रंगवणारी त्सिआला
ब्रश दातात धरायची, जन्मात कधी धरत नसे.
बाहुल्या करणारा सेवेरियन खिडकीशी जाऊन
लांब बघायचा, जणू तिकडून कुणी हाक मारलीय.
मी बसून राहायची.
रॉकेलचा विषय निघायचा, पावाच्या रांगेचा,
मग जावयाचा, आणि जावयावर आलं की
चेहऱ्यावरचा कलावंत उतरायचा,
सदरा काढून खुंटीला लावावा तसा.
तेव्हा मी बटण दाबायची.
सेवेरियन, बायकोचा स्वेटर उसवताना,
राजकन्येला केस हवे होते.
त्सिआला, त्याच ब्रशने मुलाच्या बुटाला काळं फासताना.

ओतिया म्हणाला, काम करताना नको.
काम करताना माझं तोंड उघडं राहतं,
आई म्हणायची, माशी जाईल.
अक्रोडाच्या लाकडातून तो बायका कोरायचा,
बुटक्या, रुंद पावलांच्या,
पिशव्या घेऊन चढ चढून आलेल्या,
आता दारात टेकतील अशा.
आठ होत्या.
मी पहिल्यांदा गेले तेव्हा चार.
विचारलं नाही. लोखंडी चूल चांगली तापली होती,
मीच हात पुढे केले.

तिसऱ्या खेपेला एकच उरली होती.
आतल्या खोलीत नात खोकत होती, कोरडं, कुत्र्यासारखं.
ओतियाने कुऱ्हाड आणली.
अक्रोड कठीण; पहिला घाव घसरला.
धर, म्हणाला.
मी धरली.
कॅमेरा गळ्यात, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर,
डाव्या खांद्यावर पटाशीची एक लहानशी चूक
बोटाला लागत होती.
मी मान वर केली.
ओतियाचं तोंड उघडं होतं.
माशी जाईल एवढं.

तो फोटो नाही. कुठून असणार.

अक्रोड छान जळतो. ठिणग्या उडवत नाही,
सावकाश, बराच वेळ.
त्यावर म्झेविनारने घेवड्याचं कालवण शिजवलं,
मीठ कमी पडलं होतं, कुणी बोललं नाही.
नात झोपली.
ओतिया बोटातली कुसळं काढत बसला
आणि नगरपालिकेला शिव्या देत राहिला, रोजच्याच.

घोट्याखालचा ठोकळा चुलीच्या तोंडात मावेना.
म्झेविनारने तो पुसला, खिडकीखाली ठेवला,
त्यावर जोंजोलीच्या लोणच्याची बरणी,
आणि स्वतः शेजारी बसली
उद्याचा घेवडा निवडायला.
माझ्याकडे एकच चित्र शिल्लक होतं.

मुलगी चष्मा कपाळावर सरकवते, वाकते.
काचेवर तिचा श्वास उमटतो, पुसला जातो.
बोटं, ती म्हणते. पायाची बोटं आहेत!
मोजते.
नऊच आहेत की.

दहावं चौकटीबाहेर राहिलं. माझी चूक.
थंडीने हात हलला, असं सांगता आलं असतं,
बाकीच्या निगेटिव्हजबद्दल सांगतेही.
पण त्या दिवशी
माझे हात गरम होते.